हिसाब येतो, गणित का येत नाही?

पालकसभेत आम्हा शिक्षकांना दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : "सर, याच्या डोक्यात हिसाब घुसतच नाही." मुलगा असेल तर त्याला गॅरेजची, दुकानाची किंवा राइस मिलची वाट दाखवली जाते. मुलगी असेल तर "दहावीला गणितात राहूनच जाणार, मग पुढे कशाला शिकवायचे?" असे म्हणून आठवीनंतरच तिचे दप्तर खुंटीला लागते. निर्णय आयुष्यभराचा असतो आणि पुरावा असतो दोन-तीन चाचण्यांतल्या गुणांचा.

म्हणून या महिन्यात आम्ही हे वाक्यच तपासायला घेतले आहे. मुले गणित आणि भौतिकशास्त्र कशी शिकतात यावर संशोधकांनी प्रत्यक्ष प्रयोग केले आहेत. काही आपल्या देशात झाले, त्यांतला एक मुंबईच्या उर्दू शाळेतल्या मुलांबरोबर झाला. त्यांतून काय हाती लागले आणि आपल्या घरात त्याचा काय उपयोग, ते पाहू.

भाजीच्या ठेल्यावरची परीक्षा

२०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या प्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. नोबेल पारितोषिक मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्याच्या संशोधकांपैकी. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची त्यांनी चाचणी घेतली. संशोधकांची माणसे साधे गिऱ्हाईक बनून गेली आणि मुद्दाम अडचणीचे माप मागितले. २० रुपये किलोचे बटाटे ८०० ग्रॅम, १५ रुपये किलोचे कांदे १ किलो ४०० ग्रॅम. बिल किती? मग २०० ची नोट पुढे केली, बाकी किती?

आपणही करून पाहा. बटाट्याचे १६, कांद्याचे २१, मिळून ३७. परत द्यायचे १६३. जवळजवळ सगळी मुले असले हिसाब कागद-पेन्सिल न घेता बरोबर करत होती. पाठांतर, शेजाऱ्याची मदत किंवा बक्षिसाची लालूच यांमुळे हे जमले असेल का, तेही संशोधकांनी तपासले. तसे काही निघाले नाही. मुलांना खरोखरच येत होते.

नंतर त्याच मुलांपुढे शाळेच्या पद्धतीची उदाहरणे ठेवली, नुसत्या आकड्यांची वजाबाकी आणि भागाकार. उदाहरणे बाजारातल्या हिसाबाइतकीच किंवा त्याहून सोपी होती. तरी ती मुलांना येईनात.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच भागातल्या शाळांमधील, कधी काही न विकलेली ४७१ मुलेही अभ्यासात होती. कागदावरची सोपी उदाहरणे त्यांना अधिक चांगली आली. पण बाजारातला जो हिसाब काम करणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांनी सोडवला, तो या शाळकरी मुलांपैकी फक्त १ टक्का मुलांना सुटला. एकाला हिसाब येतो, गणित येत नाही. दुसऱ्याला गणित येते, हिसाब येत नाही. मधला पूल कोणीच बांधून दिलेला नाही.

याच्या चाळीस वर्षे आधी, १९८५ साली, ब्राझीलच्या रेसिफे शहरात असाच एक छोटा अभ्यास झाला होता. रस्त्यावर विक्री करणारी फक्त पाच मुले, वय ९ ते १५. बाजारातले हिसाब ९८ टक्के बरोबर. तेच हिसाब शाब्दिक उदाहरण म्हणून दिले तेव्हा सुमारे ७४ टक्के. आणि नुसते आकडे दिले तेव्हा ३७ टक्के.

त्यांतला एक बारा वर्षांचा मुलगा नारळ विकायचा, एक नारळ ३५ चा. दहा नारळांचे किती? शाळा म्हणेल, ३५ वर शून्य द्या. तो म्हणाला, तीन नारळांचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, आणि राहिलेल्या एकाचे ३५, झाले ३५०. चार नारळांचे १४० त्याने बरोबर सांगितले. पण कागदावर ३५ गुणिले ४ दिले तेव्हा त्याने लिहिले २००. का? चार पंचे वीस, हातचे २. ते २ त्याने आधीच ३ मध्ये मिळवले, ५ झाले, आणि मग चार पंचे वीस. हातचा कधी मिळवायचा हा नियम त्याला अर्धवट आठवत होता. चौतिसा किंवा पस्तिसाच्या मालाचे चार नग २०० ला कोणी विकणार नाही, हे त्याला ठेल्यावर पक्के ठाऊक होते. वहीत ते ज्ञान वापरायची परवानगी आहे, असे त्याला वाटलेच नाही.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे दृश्य उन्हाळ्यात रोज दिसते. तेंदूपत्त्याचे पुडके ७० पानांचे असते आणि भाव शेकड्याने, म्हणजे १०० पुडक्यांचा. समजा शेकडा ३५० आहे आणि घरच्यांनी मिळून १४० पुडकी नेली. सोबत गेलेली पोरगी फळीवरच सांगते, "शंभराचे साडेतीनशे, दहाचे पस्तीस, चाळिसाचे एकशे चाळीस, झाले चारशे नव्वद." तिला हे त्रैराशिक आहे हे माहीत नसते. आणि जूनमध्ये शाळा उघडली की फळ्यावरच्या त्रैराशिकात तिला आपले पुडके ओळखू येत नाही.

मुंबईच्या उर्दू शाळेतली मुले

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली स्थापन झालेली ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. तिथले संशोधक अरिंदम बोस आणि के. सुब्रमणियम यांनी मुंबईतल्या एका मोठ्या कष्टकरी वस्तीत सहावीच्या मुलांचा अभ्यास केला. ही मुले महापालिकेच्या उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली होती. वस्तीत घरोघरी छोटे कारखाने, जरीकाम, शिवणकाम, चामड्याच्या वस्तू. मुलांचा त्या कामाशी रोजचा संबंध.

या मुलांकडे पैशांचे आणि मापांचे भरपूर ज्ञान होते. आपल्या घरातही असेच असते. सवा, दीड, अडीच, पाऊण, पाव हे शब्द मुलांच्या तोंडी असतात. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पण वर्गात एक छेद चार आला, किंवा शून्य दशांश दोन पाच आला, की हाच तो आपला पाव, हे सांगणारे कोणी नसते.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. कामाशी संबंध आला म्हणजे गणित आपोआप येते असे नाही. ज्या मुलांच्या वाट्याला निरनिराळी कामे येत आणि काही ठरवण्याची संधी येत असे, उदाहरणार्थ माल किती घ्यायचा, कापड कसे कापले म्हणजे कमी वाया जाईल, त्यांचे ज्ञान अधिक खोल होते. दिवसभर एकच काम यंत्रासारखे करणाऱ्याला हातातल्या वेगापलीकडे फारसे मिळत नाही. तेव्हा "दुकानात बसव, तिथेच शिकेल" असे कोणी म्हटले तर हा अभ्यास त्याला दुजोरा देत नाही. ६ ते १४ वयाच्या मुलांची जागा शाळेत आहे, तो त्यांचा कायदेशीर हक्क आहे. बाजारात मिळालेले ज्ञान शाळेत कामी यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हार्वर्डमध्येही हेच

हा गरिबांच्याच मुलांचा प्रश्न आहे असे कोणाला वाटेल, तर अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात चला. तिथे एरिक मॅझुर नावाचे प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सूत्रे लावून सोडवत. १९९० च्या सुमारास त्यांनी एक साध्या प्रश्नांची चाचणी घेतली. त्यात आकडेमोड नव्हतीच. तेव्हा एका विद्यार्थ्याकडून विचारणा झाली की उत्तरे शिकवल्याप्रमाणे लिहायची की स्वतःला वाटते त्याप्रमाणे. देशातल्या सर्वात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या डोक्यातही दोन वेगळे कप्पे होते!

असाच एक प्रश्न आपल्या भाषेत विचारतो. भरलेला ट्रक आणि रिकामा ऑटो यांची समोरासमोर धडक झाली. कोणी कोणावर जास्त बल लावले? बहुतेक जण म्हणतात, ट्रकने. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेलेही हेच म्हणतात. खरे उत्तर असे की दोघांनी एकमेकांवर सारखेच बल लावले. ऑटोला जास्त झटका बसतो, कारण तो हलका आहे. तेवढ्याच बलाने त्याचा वेग फार झपाट्याने बदलतो. नियम पाठ असणे आणि तो रस्त्यावर दिसणे यांत किती अंतर आहे, ते इथे कळते.

मॅझुर यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचा प्रयत्न करायचा, आणि पुन्हा उत्तर द्यायचे. याचा उपयोग होतो का? १९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले किती शेवटी येऊ लागले, हे त्यांनी मोजले. नुसते व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत सरासरी २३ टक्के. बोलत, चर्चा करत, हाताने करत शिकणाऱ्या वर्गांत ४८ टक्के, म्हणजे दुप्पट.

भाषा आडवी येते

होमी भाभा केंद्राचे संस्थापक-संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या महापालिका शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठ्यपुस्तकातला विज्ञानाचा मजकूर तोच ठेवून भाषा सोपी केली. मुलांची प्रगती सुधारली. विषय कठीण आहे असे वाटत होते, पण बरीचशी मुले वाक्यातच अडकत होती.

आपल्या मुलांची अडचण तर दुहेरी, तिहेरी. घरी हिंदी-उर्दू मिसळलेली बोली, शेजारात पोवारी किंवा झाडीबोली, पुस्तकात प्रमाण मराठी नाहीतर शुद्ध उर्दू. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण त्याच ओळीतला ३४७ हा आकडा डावीकडून उजवीकडे वाचायचा. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना हे वळण घ्यावे लागते. मराठीत ६३ ला आपण त्रेसष्ट म्हणतो, उर्दूत तिरसठ. दोन्हीकडे तीन आधी बोलतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'साठ तीन' असे वाचनही दिले, तेव्हा केवढा वाद झाला होता ते आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचे सांगणे एवढेच होते की लहान मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे ओझे होते. ती पद्धत आवडो न आवडो, अडचण मात्र खरी आहे. ३६ च्या जागी ६३ लिहिणारे मूल मठ्ठ नसते. ते कानाने ऐकले तसे लिहीत असते.

काचेवरचा एक थेंब

आता घरात करता येईल असा एक प्रयोग. यात भौतिकशास्त्र आहे, गणित आहे, आणि मूल स्वतः बोलू लागते. प्रथिनयुक्त थेंब कसा सुकतो, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे. आपल्याला त्यासाठी एक अंडे आणि जुना आरसा पुरे.

अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि १० टक्क्यांच्या आसपास प्रथिने. एक चमचा पांढरे चार चमचे पाण्यात हलक्या हाताने मिसळा, फेस खाली बसू द्या. आरसा स्वच्छ धुऊन आडवा ठेवा. त्यावर ड्रॉपरने किंवा स्ट्रॉने चार थेंब टाका : पहिला बिनदुधाच्या चहाचा, दुसरा अंड्याच्या पाण्याचा, तिसरा त्याच पाण्यात चिमूटभर मीठ घालून, चौथा नुसत्या मिठाच्या पाण्याचा. पंखा बंद ठेवा. कच्च्या अंड्याला हात लागतो, म्हणून नंतर साबणाने हात धुवा.

थेंब टाकण्याआधी मुलांना विचारा, सुकल्यावर काय दिसेल? बरीच मुले म्हणतील, थेंब आक्रसत जाऊन मधोमध एक ठिपका राहील. म्हटले ते वहीत लिहून घ्या. घरातल्या सगळ्यांचे अंदाज लिहा, दादीचेही.

सुकल्यावर चहाच्या थेंबाला कडेने गडद कडी दिसेल. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचे कारण सांगितले. थेंबाची कड काचेला धरून बसते, आत सरकत नाही. कडेला पाण्याची वाफ लवकर होते. गेलेल्या पाण्याची जागा भरायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि येताना चहाचे कण घेऊन येते. सगळे कण कडेला जमतात. २०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की गोल कणांऐवजी लांबट कण घेतले तर ही कडी होत नाही. छपाईच्या शाईसाठी हे ज्ञान कामाचे आहे.

अंड्याच्या थेंबात प्रथिनेही कडेला जमतात, त्यांची पातळ कातडी होते. पाणी जाते तशी कातडी आक्रसू पाहते, पण काच तिला सोडत नाही. ताण वाढतो आणि बऱ्याचदा तडे जातात. मे महिन्यात आपल्या मामा तलावांच्या तळाला भेगा पडतात, त्या चिखलाचेही असेच होते. नुसत्या मिठाचे स्फटिक चौकोनी दिसतील. प्रथिने सोबत असली की तेच मीठ फांद्या फुटल्यासारखे, नेचाच्या पानासारखे जमते. रक्तातही प्रथिने आणि क्षार असतात. म्हणून सुकलेल्या थेंबाच्या नक्षीवरून आजार ओळखता येईल का, याचा शोध काही शास्त्रज्ञ घेत आहेत. आज मात्र दवाखान्यातल्या रक्ततपासणीला तो पर्याय नाही.

आता पट्टी काढा. थेंबाचा व्यास किती मिलिमीटर? सुकायला किती मिनिटे लागली? पाच सारखे थेंब टाकून वेळांची सरासरी काढा. ऑगस्टच्या दमट दिवशी हाच प्रयोग पुन्हा करा आणि मे महिन्याच्या वेळेशी ताडून पाहा. सरासरी कशासाठी काढतात, हे पुस्तकातून न समजलेले मूल इथे समजेल. दोन थेंब सारखे सुकत नाहीत हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

घरी काय करावे

पहिली गोष्ट, बाजारातून आल्यावर तोच हिसाब मुलाकडून वहीत लिहून घ्या. ४० रुपये किलोची टमाटी पाऊण किलो. मूल म्हणेल, अर्ध्याचे २०, पावाचे १०, झाले ३०. ते जसे बोलले तसे आधी लिहू द्या. मग खाली ४० गुणिले ०.७५ लिहून दाखवा की हे दोन्ही एकच आहे.

दुसरी गोष्ट, उत्तर चूक असो की बरोबर, "कसे काढलेस?" हे विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. त्या नारळवाल्या मुलाचे २०० का आले, हे त्याच्या बोलण्यातूनच कळले. वहीवरच्या लाल फुलीतून ते कळले नसते. अम्मीला लिहिता-वाचता येत नसले तरी हा प्रश्न तिला विचारता येतो.

तिसरी गोष्ट, उदाहरण येत नसेल तर ते आपल्या बोलीत मोठ्याने सांगा. बोलीत सांगितल्यावर आले, तर अडचण भाषेची आहे असे समजा आणि शाळेत तसे कळवा.

आणि मुलीचे दप्तर खुंटीला लावायचा विचार घरात चालला असेल, तर त्याआधी एकदा तिला घेऊन शाळेत या. अर्धा तास द्या. तिच्या गणिताच्या शिक्षकांसमोर तिला एक हिसाब तोंडी विचारा आणि तोच कागदावर मांडायला सांगा. तोंडी आला आणि कागदावर अडला, तर डोके शाबूत आहे. तेवढी मांडणी शिकवायची राहिली आहे. ते काम आम्हा शिक्षकांचे आहे, आणि ते आमच्याकडून करून घेणे हा आपला हक्क आहे.